रिकाम्या खोलीतली ऊब

ऑक्टोबरात दारापुढच्या पायऱ्यांवर भोपळे मांडले गेले, की लगेच भविष्यवेत्ते बोलू लागतात. यंदाचा हिवाळा कसा जाणार! टीव्हीवरचा कोट-टायवाला हवामानाचा माणूस हसत हसत नकाशा पुसतो, पुन्हा रंगवतो. निळा म्हणजे थंडी, केशरी म्हणजे दिलासा. आमचं न्यू जर्सी कधी निळ्यात, कधी केशरीत. ऑफिसात, दुकानात, शेजाऱ्यांच्या कुंपणापाशी सगळीकडे तोच विषय. मी एका दातांच्या दवाखान्यात फ्रंट डेस्कला बसते. तिथे तर दात दुखत असलेली माणसंही सुजलेला गाल धरून सांगतात, यंदा म्हणे माइल्ड आहे. मी मान हलवते. मला आता त्यातलं काही ऐकावंसं वाटत नाही. काल टीव्हीवर नकाशा केशरी झाला, तेव्हा मी उठून भांडी घासायला गेले.

दोन वर्षांपूर्वी असाच नकाशा केशरी झाला होता, आणि मला केवढा आनंद झाला होता!

आधी आम्ही जर्सी सिटीत भाड्याच्या उंच इमारतीत राहायचो. तिथे हीट भाड्यातच असायची. किती तापवायचं ते इमारत ठरवणार, आपण फक्त घामाघूम व्हायचं. जानेवारीत बाहेर बर्फ आणि आम्ही खिडकी फटभर उघडी ठेवून बनियनवर बसलेले. हवामानाचा अंदाज आम्ही फक्त एवढ्यासाठी बघायचो, की मंदारला स्टेशनपर्यंत चालताना टोपी लागेल की नाही. मंदार म्हणजे माझा नवरा. मग मुलगी मोठी झाली, तिला अंगण हवं झालं, आम्हाला स्वतःचं छप्पर हवं झालं, आणि ट्रेनने तासभर आत येऊन आम्ही हे जुनं घर घेतलं. लाकडी जिना, मोठ्या खिडक्या, मागे मेपलचं झाड. पाहताक्षणी आवडलं. तळघरात तेलाची एक भलीमोठी टाकी होती, तिच्याकडे आम्ही पाहिलं आणि नुसतं ‘ओह’ म्हणालो. या घरातला बॉयलर तेलावर चालतो. तो पाणी तापवतो, ते पाणी खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरमधून फिरतं, आणि तेल आपल्या खिशातून. तेव्हापासून नकाशातला निळा रंग आमच्या घरात शिरला.

तेलवाला उन्हाळा संपताना विचारतो, भाव आत्ताच बांधून घेता का? बांधला तर हिवाळाभर तोच भाव. नाही बांधला तर ज्या दिवशी गाडी येईल त्या दिवशीचा. म्हणजे हिवाळा सौम्य गेला तर बांधणारा मूर्ख, कडक गेला तर न बांधणारा. मंदार इंजिनियर असल्यामुळे त्याने यावर अभ्यास केला. तीन-चार ठिकाणचे अंदाज वाचले, समुद्राचं पाणी कुठे तापलंय ते वाचलं, आणि चष्मा काढून जाहीर केलं, ‘‘माइल्ड विंटर आहे. भाव नाही बांधायचा.’’

दक्षिणेकडे मॉरिसव्हिलला असलेल्या त्याच्या मित्राने फोनवर चेष्टा केली. ‘‘यार, तू हिवाळ्यावर सट्टा खेळतोयस! इकडे ये, आमच्याकडे थंडीच नाही.’’ मंदार हसला. त्या दिवसांत त्याच्या कंपनीत माणसं कमी करणं चालू होतं आणि तो मुळात कमी हसत होता, म्हणून ते हसू माझ्या लक्षात राहिलं.

त्या अंदाजावर मीही डाव लावला होता. माझा डाव तेलाचा नव्हता, आईचा होता.

बाबा गेल्यावर आई निफाडला एकटी राहत होती. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली बाई. घर नीटनेटकं, शेजार चांगला, पण एकटी. मी दोन वर्षं मागे लागले होते, की आता इकडेच ये कायमची. कागदपत्रं मी करते, वरची खोली तुझीच आहे. ती हो म्हणत नव्हती, नाही म्हणत नव्हती. शेवटी म्हणाली, ‘‘उन्हाळ्यात कुणालाही आवडेल तुमची अमेरिका. मी एक हिवाळा काढून बघते, मग सांगते.’’ गणिताच्या बाईंचं उत्तर. आधी अवघड उदाहरण सोडवायचं. आई माझ्याजवळ राहणार की नाही, ते त्या एका हिवाळ्यावर ठरणार होतं. त्यामुळे नकाशा केशरी झाला तसा मी फोन लावला. ‘‘आई, यंदा थंडी कमीच आहे म्हणतात. हाच हिवाळा बरा. तिकीट काढते.’’

नोव्हेंबरात ती आली. बॅगेत भाजणी, मेतकूट, आणि तीन स्वेटर. ते तिन्ही तिने स्वतः विणलेले, तिन्ही करड्या रंगाचे. ती आली त्याच आठवड्यात बॉयलरची वर्षातली तपासणी करायला माणूस आला होता. त्याने जाताना तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी असलेलं लाल पट्टीचं बटण दाखवलं. काही गडबड वाटली, धूर आला, तर हे बंद करा, सगळं थांबेल. आई माझ्या मागे उभी होती. ‘‘म्हणजे आपल्या रेग्युलेटरसारखं,’’ ती म्हणाली. निफाडच्या घरात ती स्वयंपाक झाला की सिलेंडरचं रेग्युलेटर बंद करते. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला जायचं असलं तरी बंद करते, आणि अर्ध्या वाटेवरून परत येऊन बंद केलंय का ते बघते. बाबा याला कंटाळायचे. मला त्या दिवशी तिचं ते म्हणणं गोड वाटलं. घर तिला ओळखीचं वाटायला लागलंय, असं वाटलं.

डिसेंबर खरंच लोण्यासारखा गेला. आई दुपारी पायऱ्यांवर उन्हात बसायची, खारींना नावं ठेवायची. ईरा, म्हणजे आमची दहावीतली लेक, शाळेतून आली की दोघी मिळून शेंगदाणे खायच्या. ईरा अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट घालून घरभर फिरायची आणि आई तिच्यामागे स्वेटर घेऊन. ‘‘आजी, इट्स नॉट इव्हन कोल्ड!’’ मग आई मोबाईलवरचा फॅरनहाइटचा आकडा बघून मनातल्या मनात हिशेब करायची. बत्तीस वजा, पाचाने गुण, नवाने भाग. ‘‘एक्केचाळीस म्हणजे पाच. हे तर आमच्या निफाडात असतंच.’’

आणि खरंच असतं. थंडीच्या दिवसांत सगळ्या महाराष्ट्राच्या पेपरात आमच्या गावाचं नाव येतं, ते फक्त पारा कुठवर उतरला ते सांगायला. मी शाळेत होते तेव्हा आमच्या घरामागे द्राक्षबागा होत्या. कडाक्याची थंडी पडणार अशी कुणकुण लागली की बागवाले ओळींच्या मधोमध पालापाचोळा, भुसा, जुनी लाकडं रचून ठेवायचे आणि पहाटे पेटवायचे. धुराची एक पातळ चादर बागेवर पसरायची. घड तडकू नयेत म्हणून एवढा खटाटोप. शाळेला जाताना आमच्या केसांना, गणवेशाला तो वास लागायचा. आई वर्गात शिरली की म्हणायची, ‘‘आज सगळ्यांच्या अंगाला द्राक्षांच्या शेकोटीचा वास येतोय.’’ सरपण जाळायचं ते वेलींसाठी. माणसं मात्र गोधडीत. घर तापवायचं असतं, ही कल्पनाच आम्हाला नव्हती. थंडी वाजली तर अंगावर घ्यायचं, उन्हात बसायचं, चहा प्यायचा. आईच्या मते थंडी ही माणसाने अंगावर निस्तरायची गोष्ट होती. भिंतींना कशाला शेकायचं?

जानेवारीत अंदाज फिरला. कॅनडाकडून थंड हवा खाली येतेय, एवढंच आधी म्हणाले. मग नकाशा निळा झाला, मग जांभळा. जांभळा रंग मी त्याआधी पाहिला नव्हता. सगळीकडून मागणी वाढली आणि तेलाचा भाव चढला. आमच्या रस्त्यावर तेलाची गाडी यायची, माणूस जाड पाइप ओढत अंगणातून जायचा, जाताना दाराच्या कडीत पावती अडकवून जायचा. मंदार संध्याकाळी आला की बूट काढायच्या आधी पावती काढायचा. फक्त एक उसासा टाकायचा, आणि मग ‘‘चहा आहे का गं?’’ म्हणायचा. तो उसासा काही कुणासाठी नव्हता. पण आमचं घर लाकडी आहे, आणि त्यात सगळं ऐकू जातं.

जेवताना बोलणं तेच. उद्या सिंगल डिजिट, म्हणजे आईच्या हिशेबाने शून्याच्याही पुष्कळ खाली. परवा त्याहून कमी. वाऱ्यामुळे अजून खाली वाटणार. मंदार एकदाही आईसमोर पैशाबद्दल बोलला नाही, हे मला इथे लिहायलाच हवं. उलट तीच म्हणाली असती तर त्याने घराची भट्टी केली असती. ‘‘आई, तुम्हाला गार वाटतंय का? वाढवू का?’’

‘‘छे हो मंदारराव, मला कुठे थंडी वाजते! निफाडची आहे मी.’’

जावयाशी ती कायम अशीच बोलली, एक पाऊल मागे उभं राहून. लग्नाला अठरा वर्षं झाली तरी ती त्याच्या घरी पाहुणीच होती. मुलीच्या घरी पाणीसुद्धा न पिणाऱ्या बायकांची ती नात. ते सगळं तिने केव्हाच सोडून दिलं होतं, पण पाणी प्यायला लागली म्हणून संकोच थोडाच जातो? तळघरातून बॉयलर पेटल्याचा धाप्पकन आवाज आला, की तिचा हात भाकरीवर क्षणभर थांबायचा. मी तो पाहायचे. बॉयलरच्या आवाजाची अजून सवय झाली नाही, असं मला वाटायचं.

त्यातच एक नवल घडलं. थंडी वाढत होती, पण टाकीतलं तेल पूर्वीसारखं भराभर उतरत नव्हतं. टाकीवर काचेच्या नळीत एक लाल गोटी असते, ती तेलाची पातळी दाखवते. आई कपडे धुवायला तळघरात जायची आणि वर येऊन बातमी द्यायची, ‘‘अजून अर्धी आहे हो!’’ मंदारला वाटलं, ही त्याच्या प्लास्टिकची करामत. त्याने एका रविवारी, फटींतून वारा येऊ नये म्हणून, सगळ्या खिडक्यांना आतून पातळ प्लास्टिक लावलं होतं आणि माझ्या हेअर ड्रायरने फुंकून ताणून बसवलं होतं. तो ईराला खिडकीपाशी नेऊन दाखवायचा, ‘‘सी? झिरो ड्राफ्ट.’’ मॉरिसव्हिलच्या मित्रालाही त्याने प्लास्टिकचे फोटो पाठवले. आई कौतुकाने मान हलवायची.

मग तो दिवस आला. दुपारनंतर बर्फ आणि त्यामागून कडाक्याची थंडी, असा अंदाज होता. सकाळपासून आमच्या क्लिनिकचे फोन वाजत होते. सगळ्यांनी अपॉइंटमेंट कॅन्सल केल्या, डॉक्टरीणबाई म्हणाल्या घरी जा. मी जेवायच्या वेळेला घरी पोचले. दार उघडलं आणि कोट काढायला हात वर नेला, तो तसाच राहिला. घर गारठलेलं होतं. आतली थंडी बाहेरच्या थंडीपेक्षा वाईट असते. बाहेरच्या थंडीला निदान वारा असतो, आतली नुसती बसून असते.

आई समोरच्या खोलीत होती. खिडकीतून उन्हाचा एक चौकोन गालिच्यावर पडतो, त्याच्या बरोबर मध्ये खुर्ची ओढून बसली होती. ते तिन्ही स्वेटर एकावर एक घातलेले, वर शाल, कानटोपी, आणि मांडीवर रबराची गरम पाण्याची पिशवी. हातात ईराचं गणिताचं पुस्तक. ऊन सरकलं असावं, कारण खुर्चीच्या पायांच्या खुणा गालिच्यावर एका ओळीत उमटल्या होत्या. ती सकाळपासून उन्हामागे सरकत होती.

‘‘अगं, आज लवकर?’’ ती म्हणाली. आणि मग, ‘‘बंद पडलं वाटतं आत्ताच. मी तुला फोन करणारच होते.’’

मी तळघराच्या जिन्यापाशी गेले. लाल बटण खाली होतं.

‘‘आई, हे तू बंद केलंस?’’

तिने पुस्तक मिटलं.

‘‘रोज?’’

‘‘ईरा यायच्या आत लावते की परत! तुम्ही सगळे बाहेर. एका माणसासाठी अख्खं घर तापवायचं? वरची खोली, खालची खोली, जिना, कोनाडे! मला नाही पटत.’’

‘‘मी काय तुला गारठवायला आणलं का गं इथे?’’ मी ओरडले. मग रडले. तिने मला गरम पाण्याची पिशवी दिली. ती कोमट झाली होती.

त्या दुपारी मी बटण वर केलं, धाप्पकन आवाज झाला, रेडिएटर टकटक करत जागे झाले. चहा करायला नळ सोडला तर पाणी येईना. स्वयंपाकघरातल्या उत्तरेच्या भिंतीतला पाइप गोठला होता. मंदार आला, त्याने कपाट रिकामं करून तोच हेअर ड्रायर भिंतीवर धरला. पाणी आलं, पण नळातून नाही, भिंतीतून. प्लंबर, भिंतीला भोक, नवा पाइप, पुन्हा प्लास्टर. आईने इतक्या दिवसांत जे वाचवलं होतं ते सगळं त्यात गेलं, वर कितीतरी जास्त गेलं. तिला तो हिशेब कुणी सांगायची गरज नव्हती. ती भिंतीजवळ उभी होती आणि तिचे ओठ हलत होते.

‘‘आई, अहो पाइप जुनाच होता,’’ मंदार तिच्याशी अगदी मऊपणे बोलला. ‘‘कधीतरी जाणारच होता.’’

तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं, घरच्यासारखं. त्याच्या चांगुलपणाने ती आणखी एक पाऊल मागे सरकली.

त्यानंतर आम्ही घर गरम ठेवलं. आई दिवसभर गरम घरात बसायची आणि अवघडून बसायची. मी कामावरून फोन करून विचारायचे, लावलंय ना? ती म्हणायची, लावलंय. मी ईराला मेसेज करायचे, घरी गेलीस की बघ. ‘‘मॉम, इट्स वॉर्म. शी इज फाइन. स्टॉप चेकिंग ऑन हर.’’ मला कळत होतं की मी आईवर पहारा बसवलाय. पण करणार काय? अंदाज रोज जांभळाच होता. सगळेच थकलो होतो. मंदार पावत्यांनी थकला होता, मी दोघांच्या तोंडाकडे बघून थकले होते, आणि आई पाहुणचाराने थकली होती.

मुक्काम आणखी वाढवता आला असता, पण ती मार्चमध्येच निघाली. अंगणात बर्फाच्या कडेने जांभळी फुलं वर आली होती. विमानतळावर तिने माझा हात धरला. ‘‘काढला बरं का तुमचा हिवाळा,’’ ती म्हणाली. ‘‘थंडी मला सोसते गं. ते तेल पेटल्याचा आवाज आला ना, की माझ्यासाठी पेटलं असं वाटतं. तसं राहता येत नाही माणसाला.’’ उत्तर आलं होतं. गणिताच्या बाईंनी ते नीट तपासून मग सांगितलं होतं.

मंदार आता अंदाज वाचत नाही. ऑगस्ट आला की तेलाचा भाव बांधून मोकळा होतो. काल नकाशा केशरी झाला तेव्हा म्हणाला, ‘‘बघ, बांधला की हिवाळा माइल्ड!’’ आणि हसला. हे हसू वेगळं, हरलेल्या माणसाचं, पण बरं. गेल्या रविवारी त्याने घरात यंदा पहिल्यांदा बॉयलर चालू केला आणि पक्कड घेऊन वर गेला. वापरात नसलेल्या खोलीचा रेडिएटर बंद करावा, तेवढंच तेल वाचतं, हे त्याला कुणीतरी सांगितलंय. थोड्या वेळाने तो खाली आला आणि पक्कड खणात टाकली.

आज सकाळी आईचा फोन आला तेव्हा मी त्याच खोलीत होते. चादरी काढायच्या निमित्ताने गेले होते. तिच्या मोबाईलवर निफाडच्या हवामानाखाली आमच्या गावाचं हवामान येतं, ते ईराने लावून दिलंय. ती रोज दोन्ही बघते. बत्तीस वजा वगैरे सगळं करते.

‘‘तुमच्याकडे पारा उतरला की. हीटर लावलात का? नसती काटकसर करू नका. ईराला सर्दी होते.’’

मला हसूच आलं. ‘‘कोण सांगतंय बघा!’’ मी म्हणाले. मग न राहवून म्हणालेच, ‘‘आई, यंदा थंडी कमी आहे म्हणतात.’’

मागे तिच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

‘‘असू दे गं. मी इथे बरी आहे. माझा गॅस मी लावते, मी बंद करते,’’ ती म्हणाली. ‘‘तू ये की मुलीला घेऊन. इथे ऊन आहे, फुकटचं.’’

‘‘येते.’’

‘‘आणि ऐक, ती वरची खोली. आता कुणी नसतं तिथे. तिथला तो हीटर बंद करा बाई. रिकामी खोली कशाला तापवायची? केला का बंद?’’

‘‘हो आई,’’ मी म्हणाले, ‘‘कधीच केला.’’

‘‘शहाणी,’’ ती म्हणाली.

मी रेडिएटरला पाठ टेकून उभी होते. चांगला गरम होता.